प्रेशर वॉशर अपडेट: आरसीसीबी पाडणारा चोर सापडला (आणि तो मीच पाळला होता)

मागच्या अपडेटमध्ये म्हणालो होतो ना की प्रेशर वॉशर (जोरात पाणी मारून धुणारं मशीन) स्टार्टला अडखळतो, त्याला नवीन एक्स्टेंशन बनवली की काम संपलं, तर ते शब्द परत घेतो.

एक्स्टेंशनचं काम मात्र झकास झालं. जुनी वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची, १५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तांबं, रेझिस्टन्स साधारण पाऊण ओम. आपलं मशीन १८०० वॅटचं, २३० व्होल्टला पावणेआठ अँपिअर घेतं, तेवढ्यावर वायरमध्ये सहाएक व्होल्टच कमी होतात, पण गनचा ट्रिगर सोडला की मोटर बंद आणि दाबला की परत चालू, आणि दर स्टार्टला करंट काही पट उसळतो आणि व्होल्टही तेवढ्या पट कमी होतात, म्हणून ते घुंऽऽ करून अडखळणं. आता २.५ स्क्वेअर एमएम टाकली, रेझिस्टन्स पाव ओमच्या आत, ट्रिगर दाबला की मोटर लगेच उचलते. दहा मिनिटं नुसता ट्रिगर दाबत-सोडत बसलो होतो, शेजारच्यांना वाटलं असेल याला काम नाही.

आणि अकराव्या मिनिटाला अख्ख्या घराचा सप्लाय गेला. आतून आईचा आवाज, "परत तेच मशीन का रे?"

एमसीबी (ओव्हरलोड झाला की पडणारा स्विच) जागेवर होता, आरसीसीबी (करंट बाहेर लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) पडला होता. म्हणजे ओव्हरलोड नाही, ३० मिलिअँपिअरवाल्याला कुठेतरी लीकेज दिसतंय. वर उचलला, ठीक. पाणी मारायला लागलो की सात-आठ मिनिटांत परत खाली. तीन रविवार याच्यातच गेले. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर म्हणे मशीनपुरता आरसीसीबी बायपास करून देतो. हातात ओली गन, पायाखाली पाणी, आणि हा जीव वाचवणारी एकच गोष्ट काढायला निघालाय! चहा पाजून पाठवला.

मला संशय मोटरचा होता, पंपाचं सील गेलं असेल आणि पाणी आत झिरपत असेल. मल्टिमीटर लावला तर सगळं ओके, पण तो चारदोन व्होल्टवर मोजतो, २३० ला काय होईल ते त्याला काय कळणार. मग मित्राचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) आणला, ५०० व्होल्टवाला. मशीनचा प्लग काढून फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या पिनशी तपासलं, रीडिंग उत्तम. मशीन निर्दोष. तेवढ्यात सुचलं की एक्स्टेंशन पण बघू, भिंतीतून काढून तशीच ओली मोजली तर काटा जवळजवळ शून्यावर, म्हणजे लीकेज इथेच.

आता हसू नका. मशीनचा प्लग आणि एक्स्टेंशनचं सॉकेट जिथे जुळतात त्या जॉइंटवर मी "सेफ्टी" म्हणून प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड मारला होता. तोंड वरच्या बाजूला. वायरवरून ओघळणारं पाणी नेमकं त्या तोंडातून आत, खालून निघायला वाट नाही. पिशवी उघडली तर तळाला दोन बोटं गढूळ पाणी आणि पितळी पिनेवर हिरवट थर. सात-आठ मिनिटं लागायची ती पिशवी भरायला!

सॉकेट फेकून दिलं. आता झाकणवालं वॉटरप्रूफ कनेक्टर घ्यायचं असं ठरवून हे लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिताच वाटतंय, वीज पाण्यापर्यंत न्यायचीच कशाला? मशीन आत कोरड्यात १६ अँपिअरच्या सॉकेटवर डायरेक्ट ठेवायचं आणि हाय प्रेशर होज १० मीटर वाढवायचा. थोडं प्रेशर पडेल, पडू दे. म्हणजे ती एवढी प्रेमाने बनवलेली २.५ ची एक्स्टेंशन ड्रिल मशीनला.

होज मागवण्याआधी एक बघायचंय, एम२२ कपलिंग (होज जोडायचा आट्यांचा जोड) बाहेरून सारखंच दिसतं पण आतली पिन १४ एमएमची पण येते आणि १५ ची पण, चुकलं की एकतर बसत नाही नाहीतर फवारा तोंडावर. विकणारे हे लिहीतच नाहीत. पिन मोजायला व्हर्निअर शोधतोय, तोवर आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून पाहिलं, पडतोय व्यवस्थित. आई परत ओरडली.