हरणाच्या मटणाचा उग्र वास कसा घालवायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगनकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. शेजाऱ्याने हरणाच्या मटणाचं पाकीट हातात ठेवलेलं असतं, ते उग्र लागतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि विचारणा होते: दह्यात किती वेळ मुरवू? की ताकात? की सरळ आलं-लसूण दुप्पट घालू?

दह्याने वास थोडा झाकला जाईल, जाणार नाही. कारण तो हरणाचा कमी आणि हरीण पाडणाऱ्याचा जास्त असतो. गोळी लागल्यापासून मांस थंड होईपर्यंत जे काही घडतं, त्यात चव निम्मीअधिक ठरून जाते.

तिकडचं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. विस्कॉन्सिनात बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या तळापासून एक-तृतीयांश उंचीवर गोळी बसली, की फुप्फुसं फुटतात आणि जनावर फार लांब जात नाही. जमिनीवरच्या रक्तावरून बरंच कळतं. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाचं, काळपट दाट असेल तर बहुधा कलेजीचं. हिरवट, घाण वासाचं असेल तर गोळी पोटात गेली. अशा वेळी लगेच मागे धावू नये. हरीण बसलेलं असतं, ते उठून पळतं आणि हरवतं. काही तास थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ पोटातला ऐवज आतल्या मांसाला लागत राहतो. घाबरून दूरवर पळालेल्या जनावराचं मांसही काळपट, चिकट होतं. उग्र पाकिटांपैकी बरीचशी इथूनच आलेली असतात.

मग साफ करणं, आणि ते जागेवरच. चित्रपटातला फूटभर सुरा इथे नुसती अडचण. तीन-चार इंचांचं धारदार पातं, लांब हातमोजे आणि थोडी दोरी पुरते. हरीण उताणं करायचं, गुदद्वाराभोवती गोल चीर देऊन ते मोकळं करून बांधायचं. मग छातीच्या हाडाखाली छोटी चीर द्यायची, दोन बोटं आत घालून कातडी उचलून धरायची आणि पात्याची धार वर ठेवून मागच्या पायांपर्यंत यायचं. धार खाली गेली की वजडी फुटते, मूत्राशय फुटतं. नवशिक्याची चूक नेहमी इथेच. पोट उघडल्यावर छाती आणि पोट यांमधला पडदा कापायचा, हात वर घालून श्वासनळी गळ्यापाशी तोडायची आणि ती धरून खाली ओढायची. सगळं एकत्र बाहेर येतं. जनावर पालथं करून रक्त निथळू द्यायचं. काही फुटलंच तर तो भाग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडा करायचा. ओलं मांस लवकर बिघडतं.

मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर केसांचा काळपट झुबका असतो. माजावर आलेला नर त्यावर मुततो. त्याला हात लावायचा नाही, त्याच सुरीने पुढे मांस तर अजिबात कापायचं नाही. ती ग्रंथी आपण होऊन मांस बिघडवत नाही, आपला हात बिघडवतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते थंड करण्याकडे. बाहेर बर्फ आहे म्हणून हरीण गाडीत मागे टाकून गावभर दाखवत फिरणारे असतात. पण हिवाळी केस पोकळ असतात, ते ऊब आतच धरून ठेवतात, आणि मांडीचं मांस हाडालगत आधी आंबतं. पोट काठीने उघडं ठेवायचं, ऊन असेल तर बर्फाच्या पिशव्या भरायच्या, आणि शक्य तितक्या लवकर मांस ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४ सेल्सिअसच्या खाली आणायचं. त्या थंडाव्यात ते निदान दोन दिवस टांगतात. मेल्यावर स्नायू ताठरतात, ते होण्याआधीच कापून फ्रीजरमध्ये टाकलेलं मांस नंतर कितीही शिजवा, चिवटच राहतं.

आता आपल्या लोकांना न पटणारी गोष्ट. बकऱ्याची चरबी आपण मुद्दाम मागून घेतो. हरणाची मात्र झाडून काढायची. ती तोंडात मेणासारखी थिजते आणि फ्रीजरमध्येही खवट होत जाते. वरचा चंदेरी पापुद्रा आणि मांडीतल्या गाठीही काढायच्या. करवतीने हाडासकट तुकडे केले की मगज आणि चरबी सगळीकडे माखते, म्हणून हाड सोडवूनच घ्यावं. जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने कापून टाकावं. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात. लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर गोळी तांब्याची होती का, हे मी आधी विचारेन.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग विस्कॉन्सिनात २००२ साली सापडला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध नाही, पण त्याला कारण असलेलं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. हा रोग आढळलेल्या भागातलं हरीण असेल तर तपासणीचा निकाल येईपर्यंत पाकीट उघडू नका, आणि रोग निघाला तर टाकून द्या.

हौस वाटून स्वतः जाणार असाल तर: १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनात शिकारीचं परवानापत्र काढण्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम सहसा करावाच लागतो. एच-वन-बीसारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्यासाठीही केंद्रीय कायद्याच्या सवलतीत बसावं लागतं. वैध शिकार परवाना ही त्यातली एक. भारतात तर १९७२च्या कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हाच आहे.

राहिला स्वयंपाक. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या कुकरमध्ये घालू नका, भुसा होईल. मीठ-मिरी लावून तापल्या तव्यावर परता, आत गुलाबी असतानाच उतरवा. पूर्ण शिजवलेलंच खायचं असेल तर त्यांचा खिमा करा. खांदा, मान आणि नळ्या मात्र कुकरच्याच, खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल घालून, कारण अंगची चरबी आपण काढून टाकलेली असते. खिम्यालाही म्हणूनच किलोमागे दीड-दोनशे ग्रॅम बाहेरची चरबी लागते, आणि तो १६० फॅरनहाइटपर्यंत पुरता शिजवायचा.