विरत जाणारा स्वर आणि ध्वनिमुद्रणाची पारख

वाद्यसंगीताचे ध्वनिमुद्रण पारखताना मी सर्वांत आधी स्वराचा शेवट ऐकतो. गिटारची तार छेडल्यावर तिचा नाद विरत विरत खोलीच्या शांततेत मिसळतो. हा उतार मध्येच तुटला किंवा मावळणारा नाद पुन्हा वर उचलल्यासारखा वाटला, तर कॉम्प्रेसरचा (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणाऱ्या साधनाचा) वापर जरा जास्तच झाला आहे असे खुशाल समजावे. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावत असताना कुजबुज आणि गर्जना एकाच पातळीवर का आणून ठेवतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुसरी कसोटी जागेची. ओआरटीएफ या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत दोन मायक्रोफोन १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात ठेवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना पोहोचणाऱ्या आवाजात तीव्रतेचा आणि वेळेचा जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून वाद्य नेमके कुठे आहे हे आपल्याला जाणवते. पियानो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ताणलेला ऐकू आला, तर मायक्रोफोन बहुधा तारांच्या अगदी जवळ असावेत. (काहींना तेच आवडते, मला नाही.) एकेका वाद्याजवळ वेगळा मायक्रोफोन असेल, तर त्याचा आवाज दूरच्या मुख्य दोन मायक्रोफोनांच्या जोडीआधी पोहोचतो, दर मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद. कुशल अभियंता तेवढा विलंब मिश्रणात भरून काढतो. अन्यथा ते एकटे वाद्य वृंदातून पुढे सरकून बसल्यासारखे वाटते.