साखर ११८, आणि तरीही

साखर ११८. मधुमेह असलेल्या माझ्यासारखीचा कुणीही हेवा करावा असा आकडा. आणि त्याच बोटाच्या रक्तावर कीटोन १.२. कीटोन म्हणजे चरबी जळताना रक्तात उतरणारं आम्ल, फार साठलं की जिवावर बेतणारं.

माझ्या मीटरला साखर सांगायला पाच सेकंद लागतात, कीटोनला दहा. त्या जादाच्या पाच सेकंदांत माणूस किती देव आठवतो!

पोट बिघडलंय, अन्नावर वासना नाही. बेसल, म्हणजे दिवसरात्र लागणारं पायाचं इन्सुलिन, मात्र चालू आहे, उलटी असो की ताप, ते बंद करायचं नाही. साखर बघून नीतू म्हणाली, "नॉर्मल आहे ना, मग तोंड का पाडलंयस?" काय सांगू? इतकी वर्षं या एका आकड्याची मर्जी सांभाळली. लग्नाच्या पंगतीत जिलबी बाजूला सारली ती याच्यासाठीच. तो चांगला आला की त्या दिवसापुरती सुटका, असा आमचा करार होता. आता तो चांगला येऊनही सुटका नाही. असं कसं चालेल?

कारण कळतं मला. पोटात काही नाही, म्हणून शरीर चरबी जाळतंय आणि त्यातून कीटोन तयार होताहेत. उपाशी राहिलं की धडधाकट माणसाचेही थोडे वाढतात, पण त्याचं इन्सुलिन त्यांना आवरतं. माझं बाहेरून येतं. ०.६ च्या आत ठीक, दीडपर्यंत लक्ष ठेवा, त्यापुढे डॉक्टरांना फोन, ३ झाले की थेट कॅज्युअल्टी. साखर ११८ ची १३० झाली तर मी ढुंकून बघत नाही, इथे दशांशचिन्हापुढचा एक अंक हलला की छातीत धडधड.

गोखले रोडवरच्या मेडिकलवाल्याने कीटोन मोजायच्या रक्ताच्या पट्ट्या नाहीत म्हणून लघवीच्या पट्ट्या पुढे केल्या. नको म्हटलं. त्या काही तासांपूर्वीची गोष्ट सांगतात, मला आत्ताची हवी. (रक्ताच्या पट्टीची किंमत आईला अजून सांगितलेली नाही.)

दीडची वाट न बघता डॉक्टरांना फोन केलाच. म्हणाल्या, साखरेचं सरबत घोट घोट प्या आणि त्यावर थोडं इन्सुलिन घ्या. कीटोन इन्सुलिननेच उतरणार, पण नुसतं घेतलं तर साखर कोसळेल. म्हणजे इन्सुलिन घेता यावं म्हणून साखर खायची! आयुष्यभर जिला दारात उभं केलं नाही, तिला आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाटावर बसवली. छान लागलं सरबत, खोटं कशाला बोलू.

दोन तासांनी कीटोन ०.७, साखर १६४.

"अगं, वाढली की!" नीतू.

वाढू दे, बये. आता भूक लागलीय. बोलस, म्हणजे जेवणापुरतं इन्सुलिन, घेते आणि मऊ भात खाते. नंतर पुन्हा एक पट्टी जाईल, तिच्या नावाने बोटं मोडतच.