बारा व्होल्ट, टेबलावर

रविवार रात्र, धुळे

आज गाडीला हात लावला नाही. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली पाना धरवत नाही, म्हणून सुट्या इलेक्ट्रिक सामानाची पेटीच घरात आणली आणि पंख्याखाली टेबल लावलं. बारा व्होल्टची बॅटरी, तिच्या प्लसवर १५ अँपिअरचा फ्यूज, हेडलाइटचे दोन बल्ब, मल्टिमीटर आणि एक वही. एवढ्यावर काम भागतं.

मामांची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू. डॅशबोर्ड सध्या सुटलेला आहे, तोवरच प्रत्येक खटका तपासून घ्यायचा असं मी ठरवलं आहे. तो एकदा बसला की मागे हात कसाबसा जातो, डोळा जात नाही. मग इंडिकेटर लागत नसेल तर खटका गेला, वायर तुटली की अर्थिंग सुटलं, हे शोधण्यात अख्खा रविवार जातो.

सगळ्यात जास्त वेळ घेतला डिपरने, म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करणाऱ्या खटक्याने. या गाडीत तो डाव्या पायाशी, फरशीवर असतो. पायाने दाबला की आतली चकती एक घर फिरते आणि करंट अप्परवरून (वरच्या झोतावरून) डिपरवर (खालच्या झोतावर) जातो, पुन्हा दाबला की परत अप्पर. जागाच अशी की चपलेची सगळी माती त्यावर. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात आत शिरते, उन्हाळ्यात वाळून पक्की बसते. वरून पुसला तर चकचकीत दिसत होता. मीटर बीपवर लावला (वाट जोडलेली असली की तो वाजतो), दोन्ही बाजूंनी छान वाजला. ओहमवर ०.५ दाखवलं, त्यातले ०.३ तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच. एवढ्यावर कुणीही पास करेल.

मग दोन्ही बल्ब जोडून दिवे लावले आणि मीटर व्होल्टवर ठेवून खटक्याच्या दोन टोकांना धरला. चांगल्या खटक्यावर इथे जेमतेम ०.१ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले १.४!

हे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण जुन्या गाड्यांचे मंद दिवे म्हणजे 'जुन्या गाडीचं असंच असतं' असं लोक धरून चालतात. बीप वाजवताना मीटर खटक्यातून नाममात्र करंट सोडतो. ४५ वॅटचे दोन बल्ब मात्र साडेसात अँपिअरच्या आसपास ओढतात. बिघाड फक्त ०.२ ओहमचा, मीटरच्या वायरींच्या रोधात सहज लपून जाईल इतका. पण सात अँपिअर गेले की तोच १.४ व्होल्ट खातो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने पडतो. बाराऐवजी साडेदहा मिळाले तर सुमारे एक तृतीयांश उजेड गेला समजा. आणि ते गिळलेले दहा वॅट खटक्याच्या पोटात उष्णता होऊन बसतात. पाच मिनिटांनी बोट लावलं तर चांगलाच तापला होता.

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतले वायरमन आबा संध्याकाळी चहाला आले. मीटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. बीपवर पास झाला होता म्हटल्यावर म्हणाले, "दिवा लाय ना भो, मंग समजी." त्यांच्याकडे आयुष्यभर एक टेस्ट लॅम्पच आहे, आणि बल्बचा रंग पिवळा पडला की ते खटका खोलायला घेतात. मी आकडे काढून जिथे पोचलो, तिथे ते नजरेने पोचतात. या माणसांकडून शिकून घ्यायला हवं, आणि लवकर.

खटका त्यांनीच खोलून दाखवला. पत्र्याची वाकवलेली कानं हळूच उचलायची, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून, नाहीतर स्प्रिंग उडून कुठे जाते ते देवालाच ठाऊक. आत ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं. पितळी पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारी टोकं, काळे. पॉलिश पेपर मी पुढे केला, तर त्यांनी बाजूला सारला. खरवडलेल्या पॉइंटला ओरखडे पडतात आणि त्यांतच पुन्हा काळं लवकर धरतं. क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढत राहिले. कागद पांढरा येईपर्यंत. नंतर बोटभर व्हॅसलीन, तेही फिरणाऱ्या चकतीला. पुन्हा दिवे लावले: ०.०८.

फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, सकाळी आणि दुपारी असा दोनदा पाहिला. आतली पट्टी गरम होऊन वाकते, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत त्याची चाल बदलू शकते. २१ वॅटचे दोन बल्ब लावूनच तपासायचा, एकच लावला तर करंट कमी पडून खोटा निकाल येतो. मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये राहिला, ठीक आहे. हॉर्नचा रिलेही बरा. ब्रेक लाइटचा खटका तेलाच्या दाबावर चालतो, तो टेबलावर नीट तपासता येत नाही. त्याच्या टोकाशी ओल दिसली म्हणून सरळ नवीन आणायचा.

इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनमो मात्र मनासारखा निघाला. त्याची डी आणि एफ ही दोन टोकं एकत्र जोडून बॅटरी दिली की चांगला डायनमो मोटरसारखा स्वतःच फिरू लागतो. हा फिरला, आवाज न करता.

वहीत प्रत्येक खटक्यापुढे करंट आणि व्होल्ट लिहून ठेवले, आणि त्याच नंबरची चिठ्ठी खटक्याला बांधली. अ‍ॅम्बेसेडर बनवणारा उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. जे जुनं सामान आहे ते दुरुस्त करूनच वापरायचं आहे, तेव्हा पुढे कुणी हे उघडेल त्याला आकडे मिळालेले बरे.

उरलं आहे कटआउट, म्हणजे डायनमो बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा खटका. डायनमो १३ व्होल्टच्या आसपास आला की त्याचे पॉइंट जुळायला हवेत, आणि ते पाहायला डायनमो बाहेरून, पट्टा लावून फिरवावा लागेल. लेथवाल्या दादांना विचारून ठेवलं आहे. शुक्रवारी दुकान बंद झाल्यावर या म्हणाले.