मोरीच्या आडभिंतीवर टेकलेली तुळई

पुण्याच्या पेठेतला दुमजली वाडा. तळमजल्यावरची जुनी मोरी काढून खोली मोठी करायची होती. मोरीची आडभिंत साडेचार इंची, मागाहून बांधलेली. नकाशावर ‘भार नाही’ असा शेरा. गवंडी घण घेऊन उभा. आमचं काम एवढंच, पाडायला हरकत नाही असं लिहून द्यायचं.

ही भिंत बाहेरच्या भिंतीपासून 1.2 मीटर, नेमकी सागवानी तुळईखालून गेलेली. भार नसलेल्या भिंतीच्या माथ्याशी फट तरी सापडते, नाहीतर भुसभुशीत मसाला. इथे हॅक्सॉचं पातं कुठेच शिरेना, आणि वरच्या थरातल्या विटा उभ्या चिरलेल्या, म्हणजे भिंत भार घेत होती.

घण थांबवला. तुळईला खालून दर 100 मिमीवर 6 मिमीचं भोक पाडत बाहेरच्या भिंतीकडे गेलो. चांगल्या सागाचा कीस कोरडा, सोनेरी निघतो. शेवटच्या 450 मिमीत काळा, ओला भुसा आला आणि ड्रिल न दाबताच आत गेलं. तुळई 200 × 250 मिमी. टोकाशी धड लाकूड उरलं होतं ते वरचं 80 मिमी.

भार पाहा. पाटावर, म्हणजे कड्यांवरच्या फळ्यांवर, 150 मिमी मातीची भर, म्हणजे चौरस मीटरला 255 किलो. शहाबादी फरशी 65, कड्या-पाट 40, वापराचा 200. एकूण 560. गाळा, म्हणजे तुळईच्या दोन टोकांच्या आधारांमधलं अंतर, 3.6 मीटर, तुळयांमधलं अंतर 1.5 मीटर, तुळईवर तीन टन, टोकाला दीड. टोकाशी वाक जवळपास शून्य असतो, तिथे प्रश्न शिअरचा, म्हणजे लाकूड कातरलं जाण्याचा, आणि बैठकीचा, म्हणजे टोक ज्यावर टेकतं त्या आधाराचा. म्हणून तुळई मध्ये झोल न खाता टोकाला संपते आणि खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. 80 मिमीवर शिअर 1.4 न्यूटन प्रति चौ. मिमी येतो, मर्यादेबाहेर. शिवाय त्या तुकड्याखाली भुसाच. म्हणजे मोरीच्या पाण्याने टोक कुजवलं आणि मोरीच्याच भिंतीने ते तोलून धरलं. बाहेरून केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडली होती. विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापणं बंद झालं तर आमची निम्मी कामं कमी होतील.

टेकू तुळईला न देता दोन्ही बाजूंच्या कड्यांना दिले, म्हणजे तुळई मोकळी होते. तुळईला समांतर आडवे वासे, त्यांखाली दर 900 मिमीवर जॅक, तळाशी जाड फळ्या. नुसत्या फरशीवर जॅक ठेवला तर फरशी बसते आणि सगळंच ढिलं पडतं. जॅक हाताने घट्ट होईपर्यंतच आवळायचे. जुना मजला ‘सरळ’ करायचा मोह झाला की वरचा गिलावा फुटतो. मजला किती हलतो ते दाखवणारं डायल गेज लावून मग आडभिंत वरून एकेक थर उतरवली.

कुजका भाग कापला, पुढे आणखी 150 मिमी चांगल्या लाकडात. दोन्ही अंगांना आयएसएमसी 150, म्हणजे 150 मिमी उंचीचे इंग्रजी C आकाराचे पोलादी चॅनल, चांगल्या लाकडावर 900 मिमी चढवून, 16 मिमीच्या बोल्टांनी आरपार. कापाजवळच्या बोल्टांच्या गटावर सुमारे तीन टन येतात, लांबच्या गटावर दीड. म्हणून कापाजवळ चार बोल्ट, लांब दोन. सगळे सारखे वाटून लावणं ही नेहमीची चूक. चॅनलला झिंकचा प्रायमर, खाली 300 × 200 मिमी घडीव दगड, टोकाभोवती 25 मिमी हवेची फट. दगडाखाली चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू 1:1:1. हा मसाला सावकाश धरतो, तेव्हा तीन आठवडे जॅकला हात नाही. मालकांना खोली पुढच्याच आठवड्यात हवी होती.