रॅमची एक पट्टी आणि सर्व्हिस सेंटरच्या चार फेऱ्या

‘मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे ना, मग असं होणारच,’ हे वाक्य मी २०२३च्या जुलै महिन्यात एकाच सर्व्हिस सेंटरच्या एकाच काउंटरवर तीन वेळा ऐकले. आता नवी रॅम बसवून बरेच महिने झाले आहेत, कॉम्प्युटर एकदाही हँग झालेला नाही, तरीही ते वाक्य आठवले की राग येतो. घरी लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टम) वापरणाऱ्या कुणालाही वॉरंटीसाठी गेल्यावर ते ऐकावे लागू शकते आणि ते चुकीचे असल्याचे सिद्ध करण्याचा मार्ग हाताशी असला, तर चार फेऱ्यांचे काम एका फेरीत होऊ शकते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी ठाण्याला घरी बसून लहान नियतकालिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांची मांडणी करते. ऑक्टोबर २०२० मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप, त्यात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्यांची मिळून सोळा जीबी रॅम, त्यावर लिनक्सचा मिंट २१ हा अवतार आणि पानांच्या व चित्रांच्या कामासाठी स्क्रायबस, गिंप व इंकस्केप हे प्रोग्रॅम. मे महिन्यापासून तो अधूनमधून हँग होऊ लागला. माउस जागच्या जागी थांबायचा आणि कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे पुढे सरकत नसत. कधी फक्त फायरफॉक्स बंद पडायचा, कधी गिंप, तर एकदा फोल्डर उघडताना फाइल मॅनेजरच नाहीसा झाला. दर वेळी एकच प्रोग्रॅम कोसळत असेल तर संशय त्या प्रोग्रॅमवर घ्यावा, पण दर वेळी वेगळाच कोसळत असेल तर त्या सगळ्यांच्या खाली जे आहे तिकडे पाहावे, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. त्या काळात मी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर लावून पाहिला आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१५ वरून ५.१९ वर नेला. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या साधनाने डिस्क तपासली, तेव्हा बदललेल्या सेक्टरांची संख्या शून्य आणि केबलमुळे होणाऱ्या चुकांची संख्याही शून्य आली. प्रोसेसरचे तापमानही ठीक होते. जर्नलसीटीएल या आज्ञेने कॉम्प्युटर मागच्या वेळी चालू असतानाची प्रणालीची नोंद वाचली, तर ती नेहमीच्या एखाद्या ओळीनंतर एकाएकी तुटलेली असायची आणि हँग होण्याचे कारण तिच्यात कुठेच नसायचे.

कोंडी फुटली ती दोन साध्या चाचण्यांनी. पहिली म्हणजे डिस्कला हातही न लावता पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट सुरू करून त्यातच तासभर काम केले, आणि तेही हँग झाले. म्हणजे माझ्या डिस्कवर बसवलेली प्रणाली संशयितांच्या यादीतून बाहेर पडली. दुसरी चाचणी अनवधानाने झाली. नव्याने उतरवून घेतलेल्या मिंटच्या आयएसओ फाइलची (मिंट बसवण्यासाठीची एकसंध फाइल) शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे ओळखण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा, अधिकृत बेरजेशी जुळेना. तीच फाइल मुलाच्या लॅपटॉपवर नेली तर जुळली. मग माझ्याच कॉम्प्युटरवर तीन वेळा बेरीज काढली आणि त्यात दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली, म्हणून संशय रॅमवर गेला. ही चाचणी करताना मध्ये कॉम्प्युटर पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे, कारण लिनक्स एकदा वाचलेली फाइल मोकळ्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्या वेळी डिस्ककडे न जाता तिथूनच वाचतो. त्यामुळे चूक असली तरी तीच चूक पुन्हापुन्हा मिळते आणि उत्तर स्थिर असल्यासारखे भासते.

रॅम तपासणारे मेमटेस्ट ८६ प्लस हे साधन चालवण्यात मात्र एक अडचण आली, जी नवख्या माणसाला सहज अडवेल. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या अवतारावर उभे आहे आणि त्याच्या सॉफ्टवेअरच्या भांडारात या साधनाची जुनी, ५.३१ ही आवृत्ती आहे. ती यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ६.०० या आवृत्तीपासून यूईएफआयची सोय झाली, म्हणून ती स्वतंत्रपणे उतरवून पेनड्राइव्हवर घेतली आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय, बंद केले. पहिल्या रात्री चुका दाखवणाऱ्या लाल ओळी दिसल्या. पुढच्या दोन रात्री एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्ये बसवून तपासली, तेव्हा एक पट्टी चाचणीच्या सहा फेऱ्या स्वच्छ राहिली आणि दुसरीने दुसऱ्या फेरीत, चाचणी सुरू होऊन तास उलटल्यावर चुका दाखवल्या. अपेक्षित आणि सापडलेल्या मूल्यात दर वेळी तोच एक बिट (शून्य किंवा एक असा एकच अंक) वेगळा होता. त्या पट्टीचा वेग बायोसमधून ३२०० वरून २१३३ वर आणला तरीही चुका आल्या, त्यामुळे वाढीव वेगाची शंकाही उरली नाही. रॅमला दहा वर्षांची वॉरंटी होती. काम झालेच, असे मला वाटले.

सर्व्हिस सेंटरच्या पहिल्या फेरीत अडले ते बिलावर. दुकानातून मिळालेले बिल उष्णतेने छापणाऱ्या कागदाचे होते आणि तीन वर्षांत त्यावरची अक्षरे जवळजवळ उडून गेली होती. असे बिल हातात पडताच त्याचा फोटो काढून ठेवावा. दुकानदाराने सीरियल नंबरवरून जुनी नोंद शोधून बिलाची प्रत दिली, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, पण त्यात आठवडा गेला.

दुसऱ्या फेरीत काउंटरवरच्या तरुणाने फॉर्म भरताना ऑपरेटिंग सिस्टम विचारली, आणि मी लिनक्स म्हटल्याबरोबर त्याने पेन खाली ठेवले. लिनक्स ओपन सोर्स असल्यामुळे त्यात मेमरीचे प्रश्न येतातच, आधी विंडोज टाका आणि तरीही त्रास झाला तर पट्टी घेऊन या, असे त्याचे म्हणणे होते. मेमटेस्ट ही कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टमच्या आत चालत नाही, ती पेनड्राइव्हवरून थेट सुरू होते आणि त्या वेळी लिनक्स मेमरीत आलेलाही नसतो, हे मी त्याला समजावून सांगितले आणि लाल ओळींचा फोटो दाखवला. ‘फोटो चालत नाही, मॅडम, आमच्याकडे टेस्ट झाली पाहिजे,’ एवढेच उत्तर मिळाले. पावती न घेता मी परतीची लोकल पकडली.

तिसऱ्या फेरीत त्यांनी पट्टी आत नेली आणि पंचवीस मिनिटांनी बाहेर आणली. चिठ्ठीवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले होते. किती वेळ चाचणी केली, असे विचारल्यावर दहा मिनिटे, विंडोजमधल्या मेमरी तपासणीची एक फेरी, असे कळले. पहिल्या तासात चूक दाखवतच नाही अशा पट्टीला दहा मिनिटे तपासून निर्दोष ठरवणे म्हणजे संध्याकाळी चढणारा ताप सकाळी मोजून रुग्णाला घरी पाठवणे आहे. मी ते शांतपणे सांगितले, आणि पुन्हा तेच वाक्य ऐकले.

त्या दिवशी घरी येऊन मी लिनस टॉरवाल्ड्स यांच्या बाबतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये घडलेली हकिगत पुन्हा वाचली. कर्नल ६.१ साठी बदल स्वीकारण्याचे काम ऐन भरात असताना त्यांचाच मुख्य कॉम्प्युटर विचित्र चुका करू लागला. आधी त्यांना नव्या कर्नलमध्येच दोष असावा असे वाटले, आणि शेवटी अडीच वर्षे बिनतक्रार चाललेली रॅमची एक पट्टी बिघडल्याचे निघाले. स्वतः लिनक्सच्या जनकाला आधी सॉफ्टवेअरचाच संशय आला असेल, तर काउंटरवरच्या मुलाला तो येणे मी समजू शकते. पण टॉरवाल्ड्स यांनी संशय तपासून पाहिला आणि इथे तो तपासण्याचीच तयारी नव्हती, हे मला सहन झाले नाही.

चौथ्या फेरीला मी सकाळी दहालाच पोहोचले. सोबत मेमटेस्टचा पेनड्राइव्ह, बिलाची प्रत, मूळ खोका, दोन्ही पट्ट्या आणि एका कागदावर नीट लिहिलेला तक्ता होता. कोणती पट्टी, कोणता स्लॉट, किती वेग, कितव्या फेरीत आणि किती मिनिटांनी पहिली चूक आली, हे त्यात मांडले होते. माझी मागणी एकच होती: तुमचाच मदरबोर्ड, तुमचाच प्रोसेसर, फक्त हा पेनड्राइव्ह लावा आणि दोन तास चालू द्या, मी इथेच बसते. काउंटरवरून नकार आला, तेव्हा मी आतल्या इंजिनिअरला भेटण्याचा आग्रह धरला. ते बाहेर आले, त्यांनी तक्ता उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये क्लीन आली का?’ मी होय म्हटले. ‘मग बसा,’ असे म्हणून ते पेनड्राइव्ह घेऊन आत गेले. त्या क्षणी मला जे हायसे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. सव्वा तासाने त्यांनी मला आत बोलावून पडदा दाखवला. तोच बिट, त्याच लाल ओळी.

पुढचे फार वेळ घेणारे नव्हते, पण एक नियम तिथेच कळला. जोडी म्हणून विकलेल्या पट्ट्या जोडीनेच परत द्याव्या लागतात, म्हणजे चांगली पट्टीसुद्धा सोडावी लागते. आधी माहीत असते तर मी पर्यायी सोय करून गेले असते. बदली येईपर्यंतचे एकोणीस दिवस मी ओळखीच्यांकडून आणलेल्या चार जीबीच्या पट्टीवर काढले.

वर सांगायची राहिलेली एक गोष्ट म्हणजे, हँग झाल्यावर मी सुरुवातीला सरळ पॉवरचे बटण दाबून ठेवत असे, ते टाळायला हवे होते. कर्नल अजून प्रतिसाद देत असेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे धरून एस, यू आणि बी ही अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबावीत. त्यामुळे न लिहिलेली माहिती डिस्कवर जाते, डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते आणि मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. अशा वेळी दाबायला म्हणून सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या सहा अक्षरांपैकी (आर, ई, आय, एस, यू, बी) उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये ही तीनच चालतात. वॉरंटी संपलेली असेल आणि रॅममधल्या खराब जागा एकाच लहान टप्प्यात असतील, तर लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मेममॅप हा पर्याय देऊन तेवढी जागा कर्नलला वापरू न देणेही शक्य असते. त्यातल्या डॉलरच्या चिन्हामागे उलट्या तिरप्या रेघा द्याव्या लागतात, नाहीतर ग्रब ते चिन्ह स्वतःसाठी घेतो आणि सूचना कर्नलपर्यंत पोहोचतच नाही.

नव्या पट्ट्या आल्यावर त्या कामाला लावण्यापूर्वी मी त्यांनाही रात्रभर तपासले. त्यानंतरचे काम सर्वांत कष्टाचे ठरले, कारण खराब रॅममधून गेलेल्या फाइली गुपचूप बिघडतात आणि रोजचा बॅकअप तो बिघाडही इमानाने उतरवून घेतो. मार्चमध्ये काढून कपाटात ठेवलेल्या जुन्या बाह्य डिस्कशी शा-२५६ बेरजा ताडून पाहिल्या, तेव्हा मी कधीही न बदललेल्या अकरा फाइली वेगळ्या निघाल्या. त्यांतल्या नऊ जुन्या डिस्कवरून परत घेतल्या. उरलेल्या दोन छायाचित्रांच्या मार्चमधल्या प्रतीसुद्धा उघडत नाहीत, त्यामुळे मूळ छपाई मागवून ती पुन्हा स्कॅन करायला दिली आहेत.