"भाऊ, फोटो साफ नही ऊना का?"

धुळ्यात सीटी स्कॅनवर ड्युटी करतो. साक्री, शिरपूर, पारोळा, चहूकडून पेशंट येतात. फिल्म हातात पडली की नातेवाइकांचा वरचा प्रश्न ठरलेला.

आता साफ म्हणजे काय? सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, टणक हाड हजाराच्या आसपास. सगळं एकदम पडद्यावर आणलं तर मेंदू म्हणजे नुसता राखाडी गोळा, कारण त्याच्या आतल्या दोन भागांत फरक असतो जेमतेम दहाएक आकड्यांचा. म्हणून विंडो लावायची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटा ठरावीक आकड्यांपुरत्याच वाटायच्या. मध्य ४०, रुंदी ८०. शून्याखालचं सगळं काळं, ८० च्या वरचं सगळं पांढरं, आणि छटा उरतात त्या मेंदूच्या वाट्याला. फुप्फुसाला हीच विंडो लावली तर काळोख. तिथे मध्य उणे ६००, रुंदी १५००.

परवा पारोळ्याकडचे एक आप्पा आले. तोंड वाकडं, डावा हात उचलत नव्हता. रुंदी ८० असताना काही डोळ्यात भरेना. रुंदी ४० वर आणली तशी मेंदूच्या उजव्या बाजूला इन्सुलाची, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका घडीची, कड पुसट झालेली दिसली. रक्तपुरवठा तुटल्याची ही खूण. डाव्या बाजूला तीच कड ठसठशीत. लगेच डॉक्टरांना फोन लावला. पेशंटला पुन्हा मशीनमध्ये घातलं नाही, किरणांचा डोसही वाढवला नाही. माहिती आधीपासून होतीच, फक्त झाकलेली होती.

दाण्यांचं, म्हणजे चित्रावर वाळूसारख्या दिसणाऱ्या खरखरीचं, मात्र तसं नाही. चित्रातले दाणे निम्मे करायचे तर डोस चौपट लागतो. आता सॉफ्टवेअर दाणे पुसून देतं, पण जास्त पुसलं की लिव्हर मेण फासल्यासारखं गुळगुळीत दिसतं आणि एखादी बारीक गाठ त्यात बुजून जाते. मला विचाराल तर थोडे दाणे परवडले. आणि पेशंटने मान हलवली असेल तर सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नये. पट्टा नीट बांधावा, दोन मिनिटं धीर द्यावा.

सगळ्यात वाईट म्हणजे फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात ट्यूबलाइट चमकते, मोबाइल आपल्या मनाने उजेड वाढवतो, व्हॉट्सॲप उरलंसुरलं दाबून टाकतं. मुळात फिल्मवरची विंडो बदलता येत नाही. डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ आकड्यांच्या फाइलमध्ये, येते. नाशिक-मुंबईला दाखवायला जाणार असाल तर त्या फाइलची सीडी मागून घ्या. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी टाकायची जागाच नसते, तेव्हा सोबत पेन ड्राइव्हही आणा.